विज्ञानकथासंग्रह आणि अहिराणी संवादांची कादंबरी: परीक्षणासाठी प्रती, छापील नोंद आणि कात्रणं

सुकीकाठ (रावेर)

राम राम मंडळी. विज्ञानकथांचा संग्रह स्वतःच छापून काढलाय. डेमी आकार, १७६ पानं, ३०० प्रती. अकरा कथांपैकी नऊ दिवाळी अंकांत येऊन गेल्यात, त्यातली एक टोपणनावाने. दुसरं पुस्तक अद्भुतरम्य कादंबरी, निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद अहिराणीत. ते अजून अक्षरजुळणीला आहे.

संग्रहाच्या वीस प्रती परीक्षणासाठी पाठवल्या, दोनच परीक्षणं छापून आली आणि त्यातल्या एकाने मुख्य कथेचा शेवटच फोडला. प्रती पाठवण्यात काय चुकतंय? अंकांत आलेल्या कथा पुस्तकात घेताना संपादकांची परवानगी लागत होती का? आलेली परीक्षणं पुढच्या आवृत्तीत वापरता येतील का?

खाकी पाकीट (जळगाव)

ताई, वीस प्रती कुणाच्या नावाने गेल्या? ‘मा. संपादक’ असं लिहिलेलं पाकीट टेबलावर पडून राहतं. पुरवणीत पुस्तकांचं पान बघणाऱ्याचं नाव काढा, आधी चार ओळींचा मेल टाका, हो आलं तरच प्रत पाठवा. वीसऐवजी आठ प्रती लागतील.

वेळही बघा. जुलैपासून दिवाळीपर्यंत परीक्षण लिहिणारी बहुतेक मंडळी अंकांच्या कामात बुडालेली असतात. दिवाळी उलटल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारीत गेलेलं पुस्तक वाचलं जातं.

प्रतीसोबत एकच पान ठेवा. वर पुस्तकाचं नाव, पानं, किंमत, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक), प्रकाशनाचा महिना. खाली प्रत्येक कथेची एक ओळ, आणि त्या ओळीत कथेतलं वैज्ञानिक गृहीतक. ‘ऊतिसंवर्धित केळीच्या रोपांत एक बदल नकळत पसरतो’ एवढं पुरे, पुढे काय होतं ते नको. शेवट फुटतो तो बहुधा अशा पानामुळेच, कारण घाईतला परीक्षक सारांश उचलून तसाच छापतो. तुम्ही पाठवलेल्या पानात शेवट होता का, ते एकदा बघा.

विज्ञानकथा, अद्भुतरम्य आणि भयकथा यांतलं पुस्तक नेमकं कशात बसतं तेही लिहून टाका. नाहीतर ‘नारळीकरांच्या परंपरेतलं’ हे वाक्य ठरलेलं! आणि वर्तमानपत्रांपुरतं थांबू नका. मराठी विज्ञान परिषदेच्या पत्रिकेचा वाचक या प्रकाराला सरावलेला आहे.

टपालाचं: ७० जीएसएम (दर चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागदावर १७६ पानांची डेमी प्रत मुखपृष्ठासकट २०० ग्रॅमच्या आसपास भरते, पुठ्ठा घातला तरी ३०० च्या आत. मे २०२५ पासून टपाल खात्याची ज्ञान पोस्ट सुरू आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोला १०० रुपये, कर वेगळा. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी ही सोय आहे. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं. नियतकालिक आणि जाहिरातीचा मजकूर चालत नाही, म्हणून सवलतीची रंगीत पत्रकं पाकिटात कोंबू नका. माल जमिनीवरून जातो, दिवस जास्त लागतात. प्रकाशन समारंभाची तारीख तोंडावर असेल तर स्पीड पोस्टच करा.

फर्मा सोळा (धुळे)

१७६ म्हणजे सोळा पानी अकरा फर्मे (फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडलेली पानं), हिशेब बरोबर. कादंबरीचंही सोळाच्या पटीतच बसवा, नाहीतर मागे कोरी पानं उरतील आणि पैसे मात्र पूर्ण फर्म्याचे.

परवानगीबद्दल. कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. दिवाळी अंकाला नुसती कथा पाठवली, मानधन घेतलं, कागद काही झाला नाही, तर हक्क तुमच्याकडेच. कागद केला असेल तर काढून वाचा. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. कायद्याची गरज नसली तरी पूर्वप्रसिद्धीची नोंद छापा: कथा, अंक, वर्ष, आणि कोणत्या नावाने. ही नोंद ऋणनिर्देशात मिसळू नका, अनुक्रमणिकेनंतर स्वतंत्र द्या.

टोपणनाव लपवायचं काही कारण नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. ही नोंद राहिली म्हणून त्या कथेचा माग लागतो. तुमच्या यादीत ते नाव नसेल तर पुढे सूची करणारा ती कथा दुसऱ्याच लेखकाच्या खात्यावर टाकेल.

स्वतः छापलंत म्हणजे कायद्याने प्रकाशक तुम्हीच. १९५४ च्या ग्रंथ वितरण कायद्यानुसार प्रकाशनापासून ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, आणि एकेक प्रत चेन्नईचं कॉनेमारा, मुंबईचं टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना. पाठवणीचा खर्च आपला. दंड किरकोळ आहे म्हणून लोक टाळतात, पण ३०० प्रतींचं पुस्तक पन्नास वर्षांनी सापडायचं ठिकाण तेच.

आयएसबीएन राजा राममोहन रॉय संस्थेकडून मोफत मिळतो. छापील आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळा क्रमांक लागतो. जसंच्या तसं पुनर्मुद्रण केलं तर जुनाच चालतो. कथा बदलली, वाढवली तर नवीन. आणि दिवाळी अंकाचा क्रमांक यादीत आयएसबीएन म्हणून टाकू नका, नियतकालिकाचा आठ आकडी आयएसएसएन निराळा.

राज्य वाङ्मय पुरस्काराला कॅलेंडर वर्ष धरतात. डिसेंबरअखेर घाईत छापून श्रेयपानावर तोच महिना टाकला, की पुस्तक लोकांसमोर यायच्या आत त्याचं वर्ष संपतं. जानेवारी काय वाईट?

गिरणेचं वळण (चाळीसगाव)

वरच्या दोघांनी बाहेरची बाजू सांगितली. परीक्षक चिमटा काढतो तो मात्र आतल्या चुकांवर, म्हणून तिकडेही बघा. खान्देशातली विज्ञानकथा म्हटली की चाळीसगावजवळची पाटणादेवी आणि गणिती भास्कराचार्य येणारच. तिथला शिलालेख भास्कराचार्यांनी कोरवला असं लिहिलं असेल तर दुसऱ्या आवृत्तीत काढा. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, लेख इ.स. १२०७ च्या सुमाराचा, आणि त्यात नातू चांगदेवाने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी काढलेल्या मठाला दिलेल्या दानाची नोंद आहे. हा चांगदेव आणि तापी-पूर्णा संगमावरचे योगी चांगदेव हे वेगळे. अद्भुतकथेत दोघांना मुद्दाम एक करायचं असेल तर खुशाल करा, पण ते मुद्दाम केलंय हे वाचकाला कळलं पाहिजे.

अहिराणी संवादांत लेखन एकसारखं ठेवा. ‘मन्हा’ आणि ‘मना’ (माझा) दोन्ही रूपं चालतात, पण ‘मना’ लिहिलं की पुण्यातला वाचक ‘हे मना’ असं वाचतो आणि अख्खं वाक्य उलटं जातं. ‘मन्हा’ घ्या. ‘बठ्ठा’ की ‘बठा’ (सगळा) तेही आधीच ठरवा आणि वीस-पंचवीस शब्दांची यादी जुळणी करणाऱ्याला द्या. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेताना ‘ऱ्हायना’मधला ऱ् हमखास तुटतो, मुद्रितात तेवढं अक्षर शोधून तपासा. मागे शब्दार्थांचं एक पान द्या, प्रत्येक ओळीला तळटीप नको.

परीक्षणांचं म्हणाल तर लिहिणाऱ्याचं नाव आणि प्रसिद्धीचं ठिकाण देऊन दोन-तीन ओळी मलपृष्ठावर घ्यायला सहसा अडचण येत नाही. अख्खं कात्रण स्कॅन करून टाकायचं तर विचारावं लागतं. बाहेरच्या लेखकाने लिहिलेलं असेल आणि त्याने हक्क लिहून दिला नसेल तर त्याला विचारा, पगारी पत्रकाराचं असेल तर वर्तमानपत्राला आणि त्या पत्रकारालाही. ‘कल्पना चांगली, मात्र पात्रं कागदी’ यातला पहिला अर्धा उचलून छापू नका. लिहिणारा ते बघतो, आणि पुढचं पुस्तक हातात घेत नाही.

सुकीकाठ (रावेर)

बठ्ठं लिहून घेतलं. प्रतीसोबतच्या पानात शेवट होता, मुख्य कथेच्या सारांशाच्या चौथ्या ओळीतच. एक राहिलं: शेवट फोडणाऱ्या परीक्षणाची नोंद परीक्षणांच्या यादीत ठेवायची का?

खाकी पाकीट (जळगाव)

ठेवायची. तारीख, पुरवणी, पान, लिहिणाऱ्याचं नाव. कात्रणाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने तेवढंच लिहा, शाई पाच-सहा वर्षांत पुढच्या बाजूला उतरते. त्यातली ओळ मलपृष्ठावर घेऊ नका, म्हणजे झालं.