मदत हवी आहे : कामगारांचं ॲप्रायझल (वर्षभराच्या कामाचं मूल्यमापन) नीट कसं घ्यायचं?

नमस्कार मंडळी, शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीनशॉप आहे, फौंड्रीतनं कास्टिंग (ओतीव भाग) येतं ते आम्ही मशिनिंग करून देतो, २२ माणसं आहेत. दरवर्षी मार्चमध्ये फॉर्म भरतो, १ ते ५ मार्क, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांना ३ नायतर ४ पडतात, पगारवाढ पण जवळपास सारखीच. यंदा एक जुना ऑपरेटर फॉर्म हातात घेऊन म्हणाला, "दादा, वर्षभर कधी काय बोलला नाहीसा, आणि आता ३ का?" मला उत्तरच देता आलं नाही, लई वाईट वाटलं.

रिजेक्शनवर, म्हणजे किती पीस बाद झाले त्यावर, मार्क द्यावेत म्हटलं तर बोअर मारल्यावर (आतलं भोक कापल्यावर) आत ब्लोहोल, म्हणजे ओतताना वायू अडकून राहिलेली पोकळी, उघडा पडतो, तो दोष कास्टिंगचा, त्यात ऑपरेटर काय करणार? साईज ओव्हर गेली तर गोष्ट वेगळी. शिवाय एकजण नव्या पोरांना मशीनचं सेटिंग शिकवतो म्हणून त्याचे पीस कमी निघतात, ते कुठं धरायचं?

तुमच्याकडं दर महिन्याला १० मिनिटं बसून बोलता का? नोंद सुपरवायझरनं ठेवायची का मालकानं? आणि पगारवाढीचं बोलणं वेगळ्या दिवशी ठेवलं तर माणसं मोकळी बोलतात का? कुणाकडं मराठीत साधा फॉर्म असला तर प्लीज पाठवा.