नीमा पारखाच्या अटी : इंग्रजांची मुंबई खरंच सर्वधर्मीयांची होती?

दर्याकिनारा : १६६८ साली इंग्लंडच्या चार्ल्स राजाने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने दिली. पुढे जेराल्ड ऑंजियर गव्हर्नर झाला. त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. १६७७ मध्ये पोर्तुगीज अमलातल्या दीवचा व्यापारी नीमा पारख इथे यायला निघाला, पण आधी अटी घातल्या : आमच्या आवारात कुणी जीव मारायचा नाही, प्रेतं आमच्या रीतीने जाळू द्यायची, आमच्यातल्या कुणावर ख्रिस्ती होण्याची सक्ती नको. कंपनीने बहुतेक अटी मानल्या. परक्या व्यापाऱ्याने सत्तेला धर्माबद्दल लेखी अटी घालाव्यात आणि तिने त्या मान्य कराव्यात, ही मोठी गोष्ट आहे.

माहीमकर : मोठी पारखासाठी! त्याच अटींत 'आमच्याकडून जबरीने ओझी वाहून घ्यायची नाहीत' असंही आहे. म्हणजे बेटावर वेठ चालू होती, म्हणून तर सूट मागावी लागली. ज्याच्याकडे गलबतं होती त्याला ती मिळाली. डोक्यावर गोणी घेऊन बंदरावर चालणाऱ्या कुणब्याशी कुणी करार केला? आणि धर्मस्वातंत्र्यही 'आपापल्या घरात'. याला मी औदार्य म्हणणार नाही. कंपनीला जकात हवी होती, त्यासाठी पेढीवाले हवे होते.

दर्याकिनारा : जकात हवी होती, मान्य. पण तेव्हा शेजारी काय चाललं होतं तेही बघा. पोर्तुगीज अमलात १५५९ च्या फर्मानाने अनाथ हिंदू मुलं ख्रिस्ती करण्यासाठी ताब्यात घेतली जात. आई-बाप, आजी-आजोबा नसले की काका असूनही पोर हातचं जायचं. अशा राज्यातून पळून आलेल्या माणसाला 'सक्ती होणार नाही' एवढा कागदसुद्धा किती मोलाचा वाटला असेल! कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर याने १६७० च्या दशकात इथली वस्ती ६०,००० सांगितली, पोर्तुगीजांच्या काळापेक्षा ५०,००० जास्त.

माहीमकर : आकडा अंदाजाचा आहे, आणि यातले बहुतेक पळपुटे नि भटके, असंही फ्रायरच लिहितो. त्यांची नावं कुठल्याच करारात नाहीत. जमीनवाल्यांचं मात्र १६७२ मध्ये कंपनीशी ठरलं : वर्षाला २०,००० झेराफिन (पोर्तुगीज नाणी) भरा, जमिनी राखा. वाटाघाटीला बसले ते सगळे देण्याघेण्याची ऐपत असलेले.

वसईची लेक : दोघांनाही विचारते, न्यायालयाचं काय? १६७२ मध्येच ऑंजियरने ते सुरू केलं, आणि जातीजमातींचे तंटे त्यांच्या पंचांवर सोपवले. माझ्या मते धर्मात हात न घालण्याची खरी रीत तिथे आहे, पारखाच्या कागदापेक्षा जास्त.

माहीमकर : पण पंच म्हणजे पुन्हा जातीतले शेठच ना? विधवेने त्यांच्याविरुद्ध दाद कुठे मागायची?

दर्याकिनारा : वेठीचा मुद्दा मला खोडता येत नाही, तो मी मान्य करतो. तरी पारखाची अट मी लहान मानणार नाही. ती त्याने फक्त स्वतःपुरती घातली नव्हती, 'आमच्यातलं कुणीही, कुठल्याही वयाचं, बाई असो की पुरुष' असं त्यात आहे.