लसूण अँटीऑक्सिडंट आहे ना, मग कॅन्सरच्या पेशी ऑक्सिडेशनने कशा मारतो?

बायोकेम_सोलापूर:
नमस्कार, मी बीएस्सी थर्ड इयरला आहे. चुलत्यांची केमो चालू आहे आणि फॅमिली ग्रुपवर रोज तोच फॉरवर्ड येतोय, उपाशीपोटी लसणाच्या पाकळ्या अख्ख्या गिळा, कॅन्सर जळून जातो. काकूंनी तर कॅप्सूलपण मागवून ठेवल्यात. पुस्तकात वाचलं की लसूण ग्लुटाथायोन (पेशीचं स्वतःचं अँटीऑक्सिडंट) वाढवतो, पेशी वाचवतो. आणि पेपर उघडले तर उलटंच, लसणातलं डायअलील ट्रायसल्फाइड हे गंधकाचं द्रव्य दिलं की आरओएस (पेशीला इजा करणारे ऑक्सिजनचे रेणू) वाढतात, ग्लुटाथायोन संपतं, पेशी अपॉप्टोसिसने, म्हणजे स्वतःच स्वतःला संपवून मरते. एकच वस्तू दोन्ही कसं करते? कुणीतरी नीट सांगा, मला काकूंना समजावायचंय.

सातरस्ता_केमिस्ट्री:
दोन्ही खरं आहे, सगळा खेळ डोसचा. अख्ख्या पाकळीत अ‍ॅलिसिन, म्हणजे लसणाचं ते तिखट वासाचं द्रव्य, नसतंच बघ, असतं ते अ‍ॅलिइन, आणि अ‍ॅलिइनेज एन्झाइम वेगळ्या कप्प्यात. ठेचलं की दोन्ही एकत्र येतात आणि काही सेकंदांत अ‍ॅलिसिन तयार, नाकात जातो तो वास त्याचाच. १९४४ मध्ये कॅव्हालिटो आणि बेली यांनी ते वेगळं काढलं. पण ते टिकत नाही, त्याचंच पुढं डायअलील डायसल्फाइड, ट्रायसल्फाइड आणि तेलात अजोईन होतं.

आता मुद्द्याचं. या द्रव्यांना थायॉल ग्रुप (गंधक-हायड्रोजनची जोडी) सापडला की ती त्याच्याशी रिअ‍ॅक्ट होतात, आणि पेशीत थायॉलचा सगळ्यात मोठा साठा म्हणजे ग्लुटाथायोन. म्हणजे पहिला खर्च त्याचाच होतो. डोस थोडा असेल तर कीप-१ या प्रोटीनमधली सिस्टीनं (थायॉल असलेली अमिनो आम्लं) पण बदलतात, हे प्रोटीन एरवी एनआरएफ-२ या जीन चालू करणाऱ्या प्रोटीनला धरून ठेवतं आणि त्याची विल्हेवाट लावायला लावतं, पकड सुटली की एनआरएफ-२ केंद्रकात जाऊन ग्लुटाथायोन बनवणारी एन्झाइमं आणि हीम ऑक्सिजनेज-१, एनक्यूओ-१ ही पेशी वाचवणारी एन्झाइमं यांचे जीन चालू करतं आणि काही तासांत साठा आधीपेक्षा वाढतो. त्यामुळं लसूण पेशीला अँटीऑक्सिडंट आणून देतो असं नाही, तिला जरा त्रास देऊन तिच्याकडूनच बनवून घेतो.

डोस जास्त झाला की भरपाई व्हायच्या आत साठा संपतो. आरओएस वाढले की जेएनके हे ताणाचा निरोप देणारं एन्झाइम चालू होतं, बॅक्स प्रोटीन मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्याला भोकं पाडतं, आतलं सायटोक्रोम-सी प्रोटीन बाहेर येतं, त्यानं पेशी तोडणारी एन्झाइमं चालू होतात, आधी कॅस्पेज-९, मग कॅस्पेज-३, पेशी संपली. बऱ्याच प्रयोगांत आधी एन-अ‍ॅसिटिल सिस्टीन हे अँटीऑक्सिडंट देऊन ठेवलं तर पेशी वाचतात, म्हणजे मारणारा ऑक्सिडेशनचाच ताण होता हे त्यावरून कळतं.

उखळातली_चटणी:
सर, मी शेंगाचटणी करून विकते. आमच्यात लसूण कच्चाच, भाजलेले शेंगदाणे, तिखट, जिरं, मीठ सगळं उखळात घालून तेल सुटेपर्यंत कुटायचं. पण हल्ली काही गिऱ्हाईक म्हणतात वास नको, लसूण आधी तळून घाला. तळला तर त्यातलं जातं का ओ?

सातरस्ता_केमिस्ट्री:
मावशी, अख्खी पाकळी गरम तेलात टाकली की एन्झाइम मरतं, मग नंतर कितीही कुटा, अ‍ॅलिसिन होत नाही. आधी ठेचून १० मिनिटं तसाच ठेवा आणि मग तळा. उंदरांवरच्या एका प्रयोगात नुसत्या ६० सेकंद मायक्रोवेव्हने लसणाचा कॅन्सररोधक गुण गेला होता, ठेचून १० मिनिटं ठेवून मग तापवला तेव्हा तो बराचसा टिकला. आणि तुमचं कच्चं कुटणं तर उत्तमच. यावरून त्या फॉरवर्डचं पण बघा, न चावता गिळली की पाकळी फुटत नाही, आणि पोटातल्या आम्लात अ‍ॅलिइनेज चालत नाही.

फार्मसी_ताई:
@बायोकेम_सोलापूर, अगं कॅप्सूल आधी बंद ठेवायला सांग, मी रोज औषधं देते म्हणून कळकळीनं लिहितेय. प्रयोगशाळेत डिशमध्ये डायअलील ट्रायसल्फाइड थेट पेशीवर ओततात, आणि खाल्लेलं अ‍ॅलिसिन रक्तात तसं पोचतच नाही, वाटेतच बदलतं, शेवटी अलील मिथाइल सल्फाइड होऊन श्वासातून जातं, म्हणून तर दुसऱ्या दिवशीपण तोंडाला वास येतो. गाठीपर्यंत मारण्याइतका डोस जेवणातून जात नाही. वर केमोत प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी) आधीच कमी असतात आणि अजोईन प्लेटलेट एकमेकींना चिकटू देत नाही. लसणाच्या सप्लिमेंटमुळं सॅक्विनाविर या एचआयव्हीच्या औषधाची रक्तातली पातळी जवळपास निम्मी झालेली नोंद आहे, म्हणजे औषधांत ढवळाढवळ होते हे नक्की. आणि एनआरएफ-२ चालू झालं तर ते कॅन्सरच्या पेशीलाही वाचवू शकतं, ती पण पेशीच ना. भाकरीबरोबर चमचाभर चटणी वेगळी गोष्ट, तोंड आलेलं नसेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर.

बायोकेम_सोलापूर:
सर, ताई, खूप आभार. प्लेटलेटचं वाचून दाखवलं तसं काकूंनी डबी लगेच माझ्याकडं दिली, पुढच्या सायकलला डॉक्टरांना दाखवणार. त्यावर एज्ड गार्लिक (बरेच दिवस मुरवलेला लसूण) लिहिलंय, त्याचंपण असंच का?

सातरस्ता_केमिस्ट्री:
त्यात मुख्य एस-अलील सिस्टीन. पाण्यात विरघळतं, टिकाऊ, वास जवळपास नाही. अँटीऑक्सिडंटची बाजू त्याची चांगली, पण पेशी मारण्यात ते ट्रायसल्फाइडपेक्षा फार कमजोर. तरी दाखवल्याशिवाय देऊ नका.