संशयास्पद व्यवहार: बँकवाल्यांनो, तुमचे किस्से येऊ द्या

निवृत्त_कॅशियर:
काल भाच्याचा फोन, मित्र म्हणतोय तुझं अकाऊंट वापरायला दे, येईल त्या रकमेवर कमिशन. त्याला जे सुनवायचं ते सुनवलं, पण काउंटरवरचा एक पोरगा आठवला. नवं खातं, शिल्लक नावापुरती आणि एका सकाळी कुठून कुठून पैसे जमा, हा लगेच सगळे काढायला हजर. स्लिपवर मोबाईल नंबर तळहातावर बघून लिहीत होता, स्वतःचा नंबर! दारात एकजण त्याच्यावर नजर ठेवून उभा. मी मॅनेजरला खूण केली. तुम्ही काय काय पाहिलंय?

शाई_निळी:
आमच्याकडे ४९,५०० वाले. ५० हजारांच्या वर रोख भरली की पॅन लागायचा ना, म्हणून. तीन माणसं, तीन खाती, स्लिपा मात्र एकाच हस्ताक्षरात आणि ४ चा आकडा तिन्हीकडे सारखाच वाकडा 😄 सिस्टमचा अलर्ट नंतर येतो हो, स्लिप आधी बोलते

वाचनमात्र:
मग पुढे काय होतं? पोलीस?

शाई_निळी:
नाही, लगेच पोलीस नाही. शाखेतून हेड ऑफिसच्या प्रिन्सिपल ऑफिसरकडे (असे रिपोर्ट बघणारा अधिकारी) जातं, त्यांना पटलं तर एसटीआर, म्हणजे संशयास्पद व्यवहाराचा रिपोर्ट, एफआययूला, म्हणजे सरकारच्या आर्थिक गुप्तचर विभागाला. महिन्यात १० लाखांवर रोख झाली तर सीटीआर (रोख व्यवहारांचा रिपोर्ट) वेगळा, तो पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, त्यात संशय असायलाच हवा असं नाही. आणि ग्राहकाला एसटीआरबद्दल चकार शब्द सांगायचा नाही, पीएमएलएत (मनी लाँडरिंगविरोधी कायदा) बसत नाही ते. तो विचारतो काही प्रॉब्लेम आहे का मॅडम, आपण म्हणायचं सर्व्हर स्लो आहे.

चिंतातुर_जंतू:
म्हणजे आमच्या शाखेत रोज सर्व्हर स्लो असतो ते...

शाई_निळी:
नाही तो खरंच स्लो असतो

खिडकी_दोन:
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. एक आजी एफडी मोडायला आल्या, मुदत संपत आलेली, एवढी घाई का विचारलं तर "घराचं काम". पर्स उघडी आणि आत फोनचा कॉल चालू! मी काही न बोलता कागदावर लिहिलं, कोणी धमकावतंय का? त्यांनी माझ्याच पेनाने फक्त "सीबीआय" लिहिलं आणि रडायलाच लागल्या. डिजिटल अरेस्टवाले, फोनवर खोटे पोलीस बनून अटकेची भीती घालून पैसे उकळणारे. फोन कट केला, मुलाला बोलावलं, सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाईनला कळवलं. एफडी शाबूत. पण आमच्यातलेच काही म्हणतात गिऱ्हाईकाचा पैसा, आपण कशाला विचारा. मला नाही पटत.

मावशी_ऑनलाईन:
बाई गं, अंगावर काटा आला. माझ्या सासूबाईंनाही आलेला असाच फोन, त्यांना ऐकू कमी येतं, दहा मिनिटं "कोण बोलतंय" करत राहिल्या, शेवटी त्यानेच ठेवला 😂

चिंतातुर_जंतू:
सासूबाईंना सायबर सेलमध्ये घ्या

त्रस्त_खातेदार:
ते सगळं ठीक, पण माझ्याकडे सारखी केवायसी का मागतात? मी काय हवाला करतो?

निवृत्त_कॅशियर:
रिस्क कॅटेगरीवर असतं. हाय रिस्कला २ वर्षांनी, मीडियमला ८, लो रिस्कला १०. पत्ता बदललात का मध्ये?

त्रस्त_खातेदार:
दोनदा. भाड्याचं घर आहे हो काका

निवृत्त_कॅशियर:
मग पत्त्याचा पुरावा द्या आणि पोचपावती घ्या. पावतीशिवाय उठू नका.