ईव्ह मोंताँ: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न: फ्रेंच कलाकार मोंताँ आधी गायक की नट? पहिला चित्रपट कोणता पाहू?

उत्तर १: आधी गायक. जन्म १९२१, इटलीत, वाढला मार्सेयमध्ये. १९४४ मध्ये प्रसिद्ध फ्रेंच गायिका एदित पियाफने त्याला पुढे आणलं. नट म्हणून खरा दबदबा १९५३ च्या 'ल सालेर द ला पर'ने. नायट्रोग्लिसरीन या स्फोटकाचे ट्रक हाकणारी माणसं! मात्र पूर्ण, सुमारे अडीच तासांची प्रतच बघा. अमेरिकेत तेल कंपनीवर टीका करणारी दृश्यं कापली होती; त्याविना माणसं जिवावर का उदार होतात तेच कळत नाही.

उत्तर २: सहमत. मग १९६९ चा 'झेड', शेवटी १९८६ चा 'जाँ द फ्लोरेत'. त्याचा उत्तरार्ध 'मानों दे सूर्स' लगेच पाहा, नाहीतर मोंताँने साकारलेल्या म्हाताऱ्या सेझारची शोकांतिका अर्धीच राहते.