मदत हवी आहे: गाडीतला गॅमा डिटेक्टर उगाच बोंबलतो, खोटे अलार्म कसे कमी करू?

मंडळी, एमएस्सी फिजिक्सचा प्रोजेक्ट चाललाय, गाडीत डिटेक्टर ठेवून रस्त्यालगत पडलेला रेडिओॲक्टिव्ह सोर्स हुडकायचा. २०१० ला दिल्लीच्या मायापुरीत भंगारात कोबाल्ट-६० निघून एक जण दगावला होता, आणि २०२३ ला ऑस्ट्रेलियात १४०० किमीच्या वाटेत कुठेतरी पडलेली ८ मिमीची सीझियम-१३७ ची कॅप्सूल ताशी ७० किमीने जाणाऱ्या गाडीने शोधली, तेच वाचून विषय घेतला आणि आता डोकं धरून बसलोय.

२ इंची सोडियम आयोडाइडचा क्रिस्टल (गॅमा किरण पडला की चमकतो, तोच डिटेक्टर) मागच्या सीटवर फोममध्ये बांधलाय, दर सेकंदाला एक स्पेक्ट्रम (कुठल्या ऊर्जेचे किती किरण आले त्याचा आलेख). मागच्या ६० सेकंदांची सरासरी म्हणजे बॅकग्राउंड (आजूबाजूला नेहमीच असणारं रेडिएशन), एकूण काउंट (मोजलेले किरण) त्याच्या ३ सिग्मा, म्हणजे नेहमीच्या चढउताराच्या तिप्पट, वर गेले की बीप. तासाला ३६०० रीडिंग, म्हणजे ४-५ बीप नुसत्या योगायोगानेच, म्हणून ५ सिग्मा केलं. तरी नागपूरहून भंडाऱ्याकडे निघालं की बेसॉल्ट (ग्रॅनाइटपेक्षा कमी रेडिओॲक्टिव्ह काळा दगड) संपतो, काउंट चढायला लागतात, आणि ग्रॅनाइटच्या दुकानासमोर तर हमखास बीप. सरासरी कमी सेकंदांची घेतली तर ट्रॅफिकमध्ये गाडी रांगताना खरा सोर्सही हळूहळू सरासरीत मुरेल आणि मशीन गप्प बसेल. काय करू? लॅबमधला सोर्स बाहेर नेता येत नाही (नेऊही नये), म्हणून लॅबमधला सीझियमचा स्पेक्ट्रम रस्त्याच्या डेटात मिसळून टेस्ट करतोय, चालेल ना?

न्यूट्रॉनकाका: चालेल की, फक्त अंतराप्रमाणे काउंट कमी-जास्त करून मिसळ. पण एकूण काउंटवर अलार्म लावूच नकोस रे. सीझियमच्या किरणांची ऊर्जा ६६२ केईव्ही (ऊर्जेचं एकक), तिच्याभोवती एक खिडकी, म्हणजे ऊर्जेचा छोटा पट्टा, घे, तिच्या वरचे सगळे काउंट वेगळे मोज. ग्रॅनाइट आला की दोन्ही सोबतच चढतात, सीझियम आलं की फक्त खालची फुगते, आणि दोघांचं गुणोत्तर तुझ्याच रस्त्याच्या डेटातून काढ. पावसात जपून, रेडॉनपासून झालेलं बिस्मथ-२१४ पाण्याबरोबर खाली येतं, त्याचा ६०९ चा पीक (स्पेक्ट्रममधला उंचवटा) या क्रिस्टलच्या ७ टक्के रिझोल्यूशनमध्ये (जवळजवळच्या ऊर्जा वेगळ्या दाखवायची कुवत) ६६२ च्या अंगावर येतो. आणि उन्हात गाडी तापली की सगळेच पीक सरकतात, जमिनीत सगळीकडे असणाऱ्या पोटॅशियम-४० चा १४६० चा पीक धरून गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) जुळवत राहा.

धागाकर्ता: भारी काका! पण कोबाल्टचे ११७३ आणि १३३२ चे पीक तर वरच्याच खिडकीत जातील, मग गुणोत्तर उलटं पडेल ना?

न्यूट्रॉनकाका: बरोबर पकडलंस. त्याला ११०० ते १३९० ची वेगळी खिडकी कर आणि तुलना १४०० च्या वरच्या काउंटशी. २ इंची क्रिस्टलमध्ये तिथे सेकंदाला मोजकेच काउंट मिळतील, तेव्हा ४-५ सेकंद एकत्र कर आणि गाडी जरा हळू हाण.