मदत हवी आहे: कटला मासा गरवायला १० फुटी रॉड की १२ फुटी?

मंडळी, मी मालवणचा. जेटीवर तांबोशी गरवण्यात वर्षं गेली, आता तिलारी धरणावर कटला-रोहूच्या मागे लागलोय. समुद्राचा माझा ८ फुटी रॉड तिथे नुसती काठी! परवा मोठा कटला लागला, रॉड वाकलाच नाही, गरी ओठातून सुटली. (मेहुणा अजून हसतोय.)

१२ फुटी, ३ पौंड टेस्ट कर्व्हचा (टेस्ट कर्व्ह म्हणजे रॉडचं टोक काटकोनात वाकवायला लागणारं वजन, त्यावरून ताठपणा कळतो) कार्प रॉड, म्हणजे कटला-रोहूसारख्या माशांसाठीचा रॉड, ८०-८५ ग्रॅमचं शिसं लांब फेकतो, हे कळतं. पण काठावर इतकी झाडी, की रॉड मागे न्यायला जागाच नाही. मासाही ४० पावलांच्या आतच लागतो. मग १० फुटी, २.७५ पौंडाचा पुरेल का? जोरात फेकलं की आमिषाचा पिठाचा गोळा हवेतच फुटतो, ते वेगळंच. दोन्ही वापरलेलं कोणी आहे का?